उंबरठ्याखालची हवा

इंदुरात नव्या फ्लॅटची किल्ली हाती आली की घरातल्या वडीलधाऱ्यांची तपासणी सुरू होते. आजोबा काठीने फरशीवर टकटक करत फिरतात आणि पोकळ आवाज आला की ठेकेदाराच्या माणसाला हाक मारतात. काका न्हाणीघरात बादली उपडी करून उतार कुणीकडे आहे ते बघतात. मावशी सगळे नळ एकदम सोडतात. कोणी भिंतीला हात लावून ओल शोधते, कोणी दाराची कडी चारदा लावून काढते. पाण्याची परीक्षा होते, विजेची होते, लिफ्टची होते. हवेची तेवढी राहून जाते. दारे-खिडक्या बंद केल्यावरही घरात बाहेरची हवा किती शिरते आणि कुठून शिरते, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

इंग्लंडमध्ये ही परीक्षा आता प्रत्येक नव्या घराला द्यावी लागते. तिथल्या बांधकाम नियमांत १५ जून २०२२ पासून बदल झाला. त्याआधी एकाच वसाहतीतली काही नमुन्याची घरे तपासली तरी भागत असे, आता घरागणिक चाचणी हवी. घराच्या बाहेरच्या कवचाच्या दर चौरस मीटरमागे तासाला ८ घनमीटरपेक्षा जास्त हवा गळली, तर घर नापास. नापास घर दुरुस्त करून पुन्हा परीक्षेला बसवावे लागते.

परीक्षेचे यंत्र अगदी साधे असते. मुख्य दाराच्या चौकटीत एक ताणता येणारी ॲल्युमिनियमची चौकट बसवतात, तिच्यावर जाड कापड ताणतात आणि कापडातल्या गोल भोकात पंखा बसवतात. घरातल्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारे बंद, आतली दारे मात्र सताड उघडी. पंखा घरातली हवा बाहेर फेकू लागतो. आतला दाब थोडा उतरतो आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. दाबातला फरक ५० पास्कलवर स्थिर झाला की पंख्यातून किती हवा जाते ते मोजायचे. पंखा जेवढी बाहेर टाकतो, तेवढीच फटींतून आत येत असणार. हिशेब एवढाच.

५० पास्कल म्हणजे फार मोठा दाब नव्हे. पाण्याचा पाच मिलिमीटर उंचीचा थर जेवढा दाब देतो तेवढा, वातावरणाच्या दाबाचा दोन हजारावा भाग. घरातल्या माणसाला तो जाणवतही नाही, फार तर कानात किंचित दडा बसल्यासारखे वाटते. पण ताशी बत्तीस किलोमीटरचा वारा घराच्या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी आदळावा, असा त्याचा परिणाम होतो. खरा वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने हवा ओढून नेतो. देवासजवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात, तिथल्या घरमालकालाही सगळीकडून एकदम येणारा वारा कधी भेटणार नाही. परीक्षेत मात्र तसाच वारा लागतो, कारण रोजचा वारा लहरी असतो आणि लहरी वाऱ्यावर दोन घरांची तुलना करता येत नाही.

आता आकडे. हजार चौरस फुटांचा आणि दहा फूट उंचीचा फ्लॅट घेतला, तर त्यात सुमारे २८३ घनमीटर हवा मावते. ५० पास्कलला तासाभरात ही सगळी हवा दहा वेळा बदलली, तर पंख्यातून तासाला २,८३० घनमीटर हवा गेली असे समजायचे. सगळ्या फटी, भेगा आणि भोके गोळा करून एका जागी मांडली, तर हा फ्लॅट म्हणजे भिंतीत सव्वा फूट लांब-रुंद असे कायमचे उघडे खिंडार. रोजच्या साध्या वाऱ्यात हवा अर्थातच एवढी बदलत नाही. जुना ढोबळ नियम असा, की परीक्षेच्या आकड्याला वीसने भागावे. म्हणजे या घरातली निम्मी हवा दर तासाला न विचारता निघून जाते.

दुसऱ्या टोकाला जर्मनीतून आलेली पॅसिव्ह हाउस पद्धत आहे. तिची मर्यादा ताशी ०.६ वेळा. त्याच फ्लॅटला ती लावली, तर साऱ्या घरातल्या फटींची बेरीज ८५-९० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. आता इंदूरच्या कुठल्याही नव्या फ्लॅटच्या मुख्य दाराखाली बघावे. तीन फुटी दार आणि त्याखाली करंगळीएवढी, म्हणजे एक सेंटिमीटरची फट. तीच नव्वद चौरस सेंटिमीटर भरते. जर्मन घराला सगळी मिळून जेवढी गळती माफ आहे, तेवढी आपल्याकडे एका दाराखालीच खर्ची पडते.

इथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. 'चौकट' या शब्दातच चार आहेत. दोन उभी लाकडे, वर एक आडवे आणि खाली एक आडवे. हे खालचे लाकूड म्हणजे उंबरठा. त्यावर रांगोळी काढत, नव्या नवरीचे माप त्यावर ठेवत, आणि दार मिटले की त्याची खालची कड या लाकडाला टेकत असे. साप-विंचू आणि पावसाचे पाणी अडवणे हे त्याचे काम. धूळ आणि वारा तो ओघानेच अडवी. पुढे सपाट फरशीची आवड आली, झाडू मारताना अडथळा नको झाला, म्हाताऱ्या माणसांच्या पायाला ठेच नको झाली. यातली शेवटची तक्रार अगदी खरी होती. चौकटीचे चौथे लाकूड गेले, तिघांचीच चौकट उरली आणि नाव मात्र जुनेच राहिले. उंबरठा गेल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, याचा विचार कोणी केला नाही. दाराच्या खालच्या कडेत लपणारी रबरी पट्टी मिळते. दार लागले की ती खाली उतरते आणि फरशीला टेकते. हॉटेलांत आवाज अडवायला ती सर्रास वापरतात. फ्लॅटमध्ये मात्र बहुतेक घरी त्या जागी पायपुसणे सरकवलेले आढळते.

पंख्याच्या या परीक्षेचा जन्म १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईतून झाला. १९७७च्या सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी असा पंखा खिडकीत बसवून घरे तपासायला सुरुवात केली. ती कल्पना अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात पोचली आणि पंखा खिडकीतून दारात आला. प्रिन्स्टनची मंडळी तेव्हा न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीतल्या घरांचे इंधन नेमके जाते कुठे, याचा छडा लावत होती. त्यांच्यात गौतम दत्त हे नाव ठळक आहे. सगळ्यांचा संशय दारे-खिडक्यांवर होता. दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र असे दिसले, की ऊब कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात पोटमाळ्यातून निसटते आहे. पाइपांच्या भोवतालची मोकळी जागा, भिंतींच्या आतल्या पोकळ्या, धुराड्याच्या बाजूची फट अशा चोरवाटांनी तळघरातली हवा थेट माळ्यावर जात होती. वरच्या मजल्यावर इन्सुलेशनची जाड गादी अंथरलेली, आणि हवा तिला वळसा घालून पसार!

त्याच १९७७ साली कॅनडातल्या रजायना शहरात सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस उभे राहिले. हॅरॉल्ड ऑर या इंजिनिअरचा त्यात मोठा वाटा होता. ते इतके घट्ट होते, की ५० पास्कलला त्याची हवा तासाला ०.८ वेळाच बदलत असे. पुढे वोल्फगांग फाइस्ट यांनी जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे पहिले पॅसिव्ह हाउस बांधले, तेव्हा या कॅनेडियन घराचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला. डार्मश्टाटच्या त्या चार जोडघरांत १९९१ साली लोक राहायला आले.

इथवर वाचणाऱ्या इंदूरकराच्या मनात शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. हे सगळे हिमाचे देश. तिथे बाहेर उणे वीस, आत अधिक वीस. फट म्हणजे पैशाला लागलेली गळती. इथे 'शब-ए-मालवा' आहे. दिवसभर मे महिन्याचे ऊन चाळिशी ओलांडते, पण पठारावरची रात्र निवते आणि गच्चीवर गार वारा सुटतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र हे नावाजलेपण बंद खोलीत मिळालेले नाही. मग हवा अडवायची कशाला?

सरकारी नियमही या शंकेच्या बाजूने बोलतात. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या 'इको निवास संहिते'त घराच्या घट्टपणाची परीक्षा नाही. उलट, घराला उघडता येणाऱ्या खिडक्या किती हव्यात याची किमान अट आहे. इंदूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात मोडते, तिथे चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के उघडता येणारी जागा हवी. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात ती १६.६६ टक्के, थंड प्रदेशात ८.३३ टक्के. संहिता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वारा खेळणारे घर होते, आणि ते बरोबरच होते.

पण इंदूरच्या घराला दोन जन्म असतात. एक रात्रीचा, एक दुपारचा. रात्री खिडक्या उघड्या, दुपारी सगळे बंद. आणि बंद करण्याची पद्धतही एक राहिली नाही. कूलर हे इथले जुने दैवत. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून खेचून आत ढकलतो, म्हणजे तेवढीच हवा घराबाहेर पडायला वाट हवी. ज्या घरात कूलर आहे त्या घरात समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोली चिकचिकीत होते. हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. एसीचे गणित नेमके उलटे. तो आतलीच हवा फिरवून फिरवून थंड करतो. जी हवा फटीतून आत येते, ती उष्ण असते आणि पावसाळ्यात ओलीही. ती थंड करायला आणि तिच्यातले पाणी काढायला वीज लागते. आता घराघरांत कूलरच्या जाळीच्या खिडकीला प्लायवुडचा तुकडा ठोकून त्याच भिंतीवर एसी टांगलेला दिसतो. घर बांधले एका यंत्रासाठी आणि चालते दुसऱ्यावर.

एसीच्या खोलीत गळतीची दिशाही फिरते. थंड हवा जड असते, ती तळाशी साचते आणि दाराखालून बाहेर सांडते. दुपारी एसी लावलेल्या बंद खोलीबाहेरच्या बोळातून अनवाणी चालले, की पायाच्या बोटांना गारवा लागतो तो याचा. खालून जेवढी थंड हवा सांडते, तेवढीच गरम हवा वरच्या फटींतून आत येते. ती वाट म्हणजे झरोक्याच्या काचपट्ट्या, फॉल्स सीलिंगमागची उघडी भोके, पडद्याच्या डब्यामागची चीर.

इंदूरला या प्रश्नाची पहिली चाहूल लागली ती एका राजवाड्यात. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे ऑक्सफर्डला शिकले. तिथे त्यांची बर्लिनच्या एकार्ट मुथेसियस या जवळजवळ समवयस्क वास्तुविशारदाशी ओळख झाली, आणि १९३० ते १९३३ या काळात इंदुरात माणिकबाग पॅलेस घडला. घुमट नाहीत, महिरपी नाहीत. सरळ रेषा, मोठ्या खिडक्या. दारे-खिडक्या आणि सजावटीचा बराचसा सरंजाम जर्मनीत तयार होऊन बोटीने भारतात आला. आणि या वाड्यात वातानुकूलन होते, जे त्या काळी देशात अपूर्वाईचे होते. कारखान्यात मापाबरहुकूम बनलेली धातूची खिडकी आणि थंड केलेली हवा या दोन गोष्टी एकाच इमारतीत आल्या, यात शहाणपण आहे. ती खिडकी उघडतही होती आणि मिटतही होती. माणिकबागेत आज केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आहे.

नव्वद वर्षांनी इंदूरच्या फ्लॅटमध्ये वातानुकूलन सर्वांच्या हाती आले, खिडकी मात्र मागे पडली. सर्वाधिक खपते ती दोन-तीन पट्ट्यांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. ती जागा अडवत नाही, स्वस्त असते, आणि हवा अडवण्यात सगळ्यांत कच्ची असते. तिच्या सरकत्या झडपांमध्ये केसाळ ब्रशाची पट्टी एवढाच बंदोबस्त. वर्षा-दोन वर्षांत तो ब्रश झडतो, रुळात धूळ भरते आणि झडप पूर्ण मिटेनाशी होते. बिजागरीवर उघडणारी आणि रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी याहून खूपच चांगली. शिवाय तिचा सगळा गाळा उघडतो, सरकतीचा अर्धाच. म्हणजे रात्री वारा जास्त आणि दुपारी गळती कमी. असे असूनही ती मागणारे गिऱ्हाईक विरळा. लाकडी दारांची गत वेगळी आहे. पावसाळ्यात दार फुगते, लागत नाही, सुताराला बोलावून रंधा मारतात. उन्हाळ्यात तेच दार आक्रसते आणि रंध्याने काढलेले लाकूड फट होऊन उरते.

बंद घराला एक मोठा धोकाही असतो. माणसे, स्वयंपाक, देवघरातला दिवा, सगळेच हवा खातात. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. दोन-तीन माणसे बंद खोलीत रात्रभर झोपली, की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि सकाळी डोके जड होते. त्याहून भयंकर न्हाणीघरातला गॅस गीझर. कोंडलेल्या जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग, आणि दर हिवाळ्यात त्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. म्हणून फटी बुजवण्याआधी गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत हलवायचा, हा क्रम चुकता कामा नये. घट्ट घराला हवा आत घेण्याची ठरवलेली वाट आणि बाहेर टाकण्याची ठरवलेली वाट लागतेच. सस्कॅचवानच्या त्या घरातही बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी पेटी बसवलेली होती. हवा यावी, पण आपण सांगू तिथून आणि सांगू तेवढी. फटीतून येणारी हवा शाफ्टमधला वास, रस्त्याची धूळ, दिवाळीच्या रात्रीचा धूर आणि शेजारच्या घरातली फोडणी, सगळे घेऊन येते, आणि ज्या दिवशी वारा पडतो त्या दिवशी येतच नाही.

भारतात ही परीक्षा अगदीच परकी आहे असे नाही. ती घरापर्यंत आलेली नाही इतकेच. सर्व्हर रूममध्ये आग विझवायला पाण्याऐवजी वायू सोडतात. तो वायू साधारण दहा मिनिटे तरी खोलीत टिकला पाहिजे, नाहीतर आग पुन्हा पेट घेते. तो टिकेल की नाही हे बघायला दारात हाच पंखा लावतात. त्या धंद्यातली माणसे तिला 'डोअर फॅन टेस्ट' म्हणतात. पिथमपूरच्या औषध कारखान्यांत स्वच्छ खोल्यांमध्ये शेजारच्या खोलीपेक्षा दहा-पंधरा पास्कल दाब जास्त ठेवावा लागतो, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ आत येत नाही. खोली गळकी असेल तर हा दाब धरतच नाही.

आणि आपल्या पूर्वजांना तर घट्ट कोठाराचे शास्त्र चांगले अवगत होते. पेव म्हणजे काय? जमिनीत खणलेला, आतून लिंपलेला आणि तोंडाशी मातीने बंद केलेला धान्याचा खड्डा. आतले धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, मग किडे मरतात आणि ज्वारी टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, काही काळ तोंड मोकळे ठेवायचे, हा दंडक होता. तो मोडणारा माणूस आत गुदमरून गेल्याच्या कथा गावोगाव असत. हवाबंद जागेचा फायदा आणि धोका, दोन्ही एकाच खड्ड्यात.

व्यावसायिक इमारतींच्या नियमांनी या दिशेने एक पाऊल टाकले आहे. १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींना लागू होणारी २०१७ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता काचेच्या झुलत्या प्रवेशदाराला दर चौरस मीटरमागे सेकंदाला ५ लिटर आणि बाकीच्या खिडक्या-दारांना २ लिटर एवढीच गळती माफ करते. चौकटींभोवतीचे सांधे, भिंती आणि पाया यांमधल्या जागा, पाइप जातात ती भोके, हे सगळे बुजवावे असेही ती सांगते. पण हे झाले सुट्या भागांचे. खिडकी कारखान्यात उत्तीर्ण झाली आणि गवंड्याने ती वाकडी बसवली, तर ते कळायला सगळ्या इमारतीची परीक्षा लागते, आणि ती कोणी मागत नाही.

ज्या इमारतींच्या अशा परीक्षेतून सर्वांत जास्त शिकता येईल, त्यातली एक इंदुरातच आहे. केंद्र सरकारच्या 'लाइट हाउस' योजनेतल्या सहा शहरांपैकी इंदूर हे एक. १ जानेवारी २०२१ रोजी इथल्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. कनाडिया भागातल्या या १,०२४ घरांसाठी विटा नाहीत. पोलादी सांगाड्यात कारखान्यात बनवलेल्या सँडविच पॅनेलच्या भिंती, मध्ये हलका गाभा आणि दोन्ही बाजूंना फलक. विटेच्या भिंतीत हवा अडवते ते प्लास्टर. वीट आणि तिचे सांधे नुसते असतील तर हवा जाते, पण अर्धा इंच सिमेंटचा गिलावा सलग असेल तर भिंत जवळजवळ हवाबंद होते. पॅनेलच्या भिंतीत हे काम सांध्यांवर येते. पॅनेलला पॅनेल कसे मिळाले, खांबाजवळची फट कशाने भरली, उन्हाने पोलाद प्रसरण पावल्यावर ते भरण फुटले का, यावर सगळा खेळ. अशा पद्धतींनी हजारो घरे उभी राहणार असतील, तर पंख्याची परीक्षा काचेच्या कार्यालयांआधी इथे व्हायला हवी.

समजा एखाद्या इंदूरकर बिल्डरने उद्या हौसेने ही परीक्षा द्यायची ठरवली. तर तयारी केव्हा सुरू करावी? रंग झाल्यावर नक्कीच नाही. तोवर सगळ्या फटी सुंदर झाकल्या गेलेल्या असतात. पहिली चाचणी गिलावा आणि खिडक्या झाल्यावर, फॉल्स सीलिंग आणि फर्निचर लागण्याआधी करावी. त्या वेळी गळती डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि दोन मजुरांत एका दिवसात बुजते. दुसरी चाचणी सगळे संपल्यावर, प्रमाणपत्रासाठी.

गवंडी जिथे गिलावा करत नाही, त्या जागा आधी शोधाव्यात. छताखाली फॉल्स सीलिंग येणार म्हणून वरची नऊ इंच भिंत तशीच सोडलेली असते. स्वयंपाकघरात कपाटांमागे, बाथटबच्या बाजूला, शाफ्टच्या आतून, आणि लाकडी पॅनेलिंगच्या पाठीमागे विटा उघड्याच असतात. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधली बोटभर जागा मिस्त्री सिमेंटने भरतो, सिमेंट सुकून आक्रसते आणि केसाएवढी चीर चारही बाजूंनी फिरते. तिथे फोम आणि वरून सिलिकॉन लागते. पूर्वी काचेभोवती लांबी भरत आणि ती सुकून गळून पडे, तोच हा प्रकार मोठ्या मापात. विजेच्या कन्सील्ड पाइपांची गोष्ट तर मजेची आहे. पाइप एका स्विचबोर्डातून निघतो, स्लॅबमधून फिरतो आणि शाफ्टमध्ये किंवा गच्चीवर उघडतो. म्हणजे भिंतीतला प्रत्येक बोर्ड ही एक छोटी बासरी असते. आतल्या टोकाला वायरींभोवती सीलंटचा गोळा दाबला की ती मुकी होते.

यापेक्षा अवघड आहे ते माणसांचे. पंखा लागायच्या आदल्या दिवशी एसीवाला येतो, कोअर कटिंगचे मशीन लावून भिंतीत तीन इंची भोक पाडतो, त्यातून तांब्याची नळी ओवतो आणि उरलेली जागा पांढऱ्या सिमेंटने बाहेरून लिंपून निघून जातो. आतून काहीच नाही. पाठोपाठ चिमणीवाला, इंटरनेटवाला, पाण्याच्या फिल्टरचा माणूस. प्रत्येकाचे भोक वेगळे, जबाबदारी कोणाचीच नाही. ज्या देशांत ही परीक्षा रुळली, तिथे साइटवर एका माणसाला हवेचा कारभारी नेमतात. भिंतीला भोक पाडणाऱ्याने त्याला सांगायचे आणि त्याने ते बुजलेले बघायचे. हे काम पगाराचे आहे, शोभेचे नाही.

परीक्षेच्या दिवशी वारा फार नको. जोराच्या वाऱ्यात आकडे नाचतात. न्हाणी ट्रॅप आणि कमोडमध्ये पाणी भरलेले असावे, नाहीतर गटाराची हवा मोजमापात येते आणि नाकातही. गॅस बंद, एक्झॉस्ट बंद. मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या वाटा चाचणीच्या नियमाप्रमाणे बंद किंवा टेपने झाकलेल्या. पंखा सुरू करण्याआधी नुसता दाब मोजतात. मग एका दाबावर न थांबता चढत्या-उतरत्या आठ-दहा दाबांवर हवा मोजून त्यांची रेषा काढतात, आणि शक्य तर एकदा हवा बाहेर फेकून, एकदा आत ढकलून. काही खिडक्या हवा बाहेर ढकलली तर घट्ट बसतात आणि आत ओढली तर सैल होतात, त्यामुळे दोन आकडे वेगळे येतात.

पंख्याचे यंत्र जवळ नसले तरी परीक्षेची छोटी आवृत्ती कोणालाही घरी करून पाहता येते. वारा पडलेला असावा, शक्यतो संध्याकाळ. गॅसची शेगडी आणि गीझर बंद, खिडक्या-दारे बंद, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे चालू. मग उदबत्ती पेटवून घरातून हळूहळू फिरायचे. दाराखाली, खिडकीच्या सांध्यापाशी, दिव्याच्या बटणांशेजारी ती क्षणभर स्थिर धरायची. धूर सरळ वर गेला तर ती जागा चांगली. तो आत वळला, तर तिथून बाहेरची हवा येते आहे; त्या जागेवर खडूने खूण करायची. बहुतेक घरांत पहिली खूण उंबरठ्याच्या जागी होते, दुसरी एसीच्या नळीपाशी, आणि तिसरी अशा बोर्डापाशी, जिथे भोक असेल असे कधी कोणाच्या मनातही आले नव्हते.